रांजणाचा घाम

बोलता बोलता ते उजव्या हाताचा अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर चोळायचे. बोटांत काहीच नसायचं. तरी डोळे बारीक करून, मान जराशी तिरपी करून असे चोळायचे की समोरच्याला वाटावं, यांच्या चिमटीत नक्की काहीतरी आहे. मग म्हणायचे, "दम धरा भाऊ. दाणा धरू द्या."

साखर कारखान्यात पॅनवर काम केलेल्या माणसाला ही सवय लागते. पॅन म्हणजे उसाचा आटवलेला रस शिजवून त्यातून साखरेचा दाणा काढायचं अजस्र बंद भांडं. त्यातला थेंबभर पाक काचेच्या पट्टीवर घ्यायचा, दिव्यासमोर धरायचा, बोटांत चोळायचा, आणि दाणा धरला की नाही ते ठरवायचं. आमच्या सहकारी कारखान्यात हे काम ज्यांच्याकडे होतं, त्यांना सगळे पॅनमास्तर म्हणत. मी टाइम ऑफिसात होतो. कॉलनीत आमची दोघांची एकच सामाईक भिंत. अशा शेजाऱ्याचं नाव तुम्हालाही कधी घ्यावं लागत नाही, बघा. भिंतीवर थाप मारली की तो येतो.

मास्तर आता नाहीत. पण आमच्याकडे हॉटेलात किंवा एस.टी.च्या थांब्यावर दुष्काळाचा विषय निघाला की कोणीतरी अजून सांगतं, "त्या सालाला पॅनमास्तरचं झाड पाण्यावाचून वाळलं, आन् मास्तर जिल्हा सोडून गेले." ऐकणारे च्‌ च्‌ करतात. मीही त्यात बसलेला असतो. इतकी वर्षं मी ते ऐकून घेतलं, एकदोनदा मानही डोलावली. ते झाड पाण्यावाचून वाळलं नव्हतं. हे सांगणारा माझ्याशिवाय आता कोणी उरलेला नाही, म्हणून लिहितो आहे.

झाड ॲन्थुरियमचं होतं. रुंद, चकचकीत हिरवी पानं, आणि त्यातून वर आलेलं लालभडक, तेल लावल्यासारखं तुकतुकीत फूल. कारखान्याच्या गेस्ट हाऊसच्या उद्घाटनाला पुण्याहून टेम्पो भरून अशा कुंड्या आणल्या होत्या. पाहुणे गेले, हारतुरे वाळले, आणि आमच्या हवेत त्या कुंड्यांनीही आठवडाभरात माना टाकल्या. मागच्या बाजूला उकिरड्यावर त्यांचा ढीग झाला. त्यातली एक मास्तरांनी उचलून आणली.

"मेलंय ते," मी म्हणालो.

त्यांनी देठ चिमटीत धरून हलकेच चोळला. "न्हाई भाऊ. दमलंय."

पहिल्यांदा त्यांनी कुंडी पॅनच्या मजल्यावर नेऊन ठेवली. तिथे सतत वाफ असते, आणि या झाडाला ओली हवा लागते असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. पण वाफेबरोबर तिथली आगही आली. पानांच्या कडा भाजल्या. मास्तर दोन दिवस स्वतःवर चिडून होते. मग त्यांनी झाड घरी आणलं आणि स्वयंपाकघराबाहेरच्या अंधुक उजेडाच्या कोपऱ्यात, पाण्याच्या दोन रांजणांच्या मधोमध ठेवलं. तिथे ते रुजलं. त्यामागे फार विचार होता असं नाही. घरात दुसरीकडे जागाच नव्हती. पण मातीचे रांजण दिवसभर पाझरतात, त्यांच्या अंगावरचा घाम हवेत उडतो, आणि तेवढ्या हातभर जागेत आमच्या जिल्ह्यात नसलेली हवा तयार होते. उन्हाळ्यात त्या कोपऱ्यात हात घातला तर मनगटापर्यंत गारवा लागायचा.

मग मास्तरांनी त्या कोपऱ्याचं देऊळ केलं. पाली गावात सासुरवाडीकडचं कोणी होतं. तिकडे धरणाखालच्या ओढ्यातले गोल गोटे पिशवीत भरून आणले, ते परातीत पसरले, त्यात पाणी ओतलं आणि कुंडी गोट्यांवर अशी ठेवली की बूड पाण्याला टेकायला नको. कुंडीत मातीपेक्षा नारळाच्या शेंड्या, कोळसा आणि विटांचे तुकडेच जास्त. खिडकीला ओलं गोणपाट. रोज सकाळी ओल्या फडक्याने एकेक पान पुसायचं.

"माझं तोंड कदी पुसलं न्हाई एवढ्या मायेनं," वहिनी, म्हणजे त्यांची बायको, आमच्या मंडळींना भिंतीवरून ऐकवायच्या. "काल मला ताप आलता तर म्हणले, जरा सरक, त्याच्यावर उजेड येईना."

मास्तर आतून म्हणायचे, "तू चालतीस-फिरतीस की. त्याला कुटं सरकता येतंय?"

सगळ्यांत मोठा जाच पंख्याचा होता. झाडाला वारा सोसत नाही, म्हणून त्या घरात पंखा लावायचा नाही. वैशाखात गेलात तरी नाही. तुम्ही घामाने भिजून खुर्चीत बसायचं, आणि मास्तर स्वतः पेपरची घडी घेऊन तुम्हाला वारा घालायचे, तोही झाडाकडे पाठ करून. एकदा एक संचालक काही कामासाठी आले. खादीचा कडक सदरा, गळ्यात उपरणं. पाच मिनिटांत सदरा अंगाला चिकटला. त्यांनी फुलाकडे बघून विचारलं, "प्लास्टिकचं हाय काय? लई धूळ धरत आसंल."

संचालकांनी खात्री करायला नख लावलं. फुलावर चंद्रकोरीसारखा ओरखडा उठला. ते फूल पुढे दीड महिना टिकलं, आणि दीड महिना मास्तर येणाऱ्या-जाणाऱ्याला तो ओरखडा दाखवून सांगायचे, "हे बगा, सहकाराचा सई-शिक्का."

मी एकदा विचारलं होतं. म्हटलं, "मास्तर, आपल्याकडे तुळस येते, सदाफुली येते, कुठेही फेकलं तरी कोरफड येते. तुम्ही कशाला या नाजूक जातीच्या मागे लागलात?"

त्यांनी चिमटी चोळली. बराच वेळ.

"भाऊ, माझा जलम कोपीतला," ते म्हणाले. उसाच्या फडाशेजारी पाचटाची झोपडी घालतात, ती कोपी. त्यांचं घर चौसाळ्याकडचं, आमच्याच कोरड्या जिल्ह्यातलं. आजोबा कोयता घेऊन पश्चिमेकडे ऊस तोडायला जायचे, बाप जायचा, आई जायची. "दसरा झाला की आमची गाडी भरायची. कोयते, ताडपत्री, पीठ, तवा, कोंबड्या, आमी. आख्खं घर गाडीत बसायचं. मागं नुसतं कुलूप ऱ्हायचं. आई म्हणायची, घ्यायचं ते गाडीत बसंल आसंच घ्यायचं. आरसा घ्यायची न्हाई. फुटतो."

मग झाडाकडे बोट केलं. "हितं कारखाना निघाला म्हणून आमच्या घरात दिवाळीला घरी आसलेला पयला माणूस मी. मला गाडीत न बसणारी एक तरी वस्तू घरात पायजे व्हती. हे गाडीत घातलं की मरतंय. म्हणून हे."

त्या दिवसानंतर मी कधी पंखा मागितला नाही.

नंतर पाऊस हटला. एक वर्ष कमी पडला, दुसऱ्या वर्षी जवळजवळ पडलाच नाही. ऊस वाळला. जो उरला तो लोकांनी जनावरांना घातला, छावण्यांत गेला. दसऱ्याला बॉयलर पेटवायचा असतो. फुलं वाहतात, नारळ फुटतो, चिमणीतून पहिला धूर निघतो, तो बघायला आम्ही सगळे अंगणात उभे राहतो. त्या वर्षी चिमणी तशीच राहिली. तिच्या टोकावर घारीने घरटं केलं. हंगाम नाही असं नोटिशीने कळायच्या आधी ते घारीने सांगितलं.

कॉलनीत टँकर येऊ लागला. एकेक घर रिकामं व्हायला लागलं. मास्तरांना कृष्णाकाठच्या एका कारखान्याचं बोलावणं होतं, हंगामापुरतं. ते दिवाळीच्या तोंडावर निघाले. ज्या ट्रकने निघाले त्यात ऊसतोड मजुरांची एक टोळी आधीच बसली होती. कोयते, ताडपत्र्या, कोंबड्या. वहिनी ट्रंकेवर बसल्या. मास्तर खाली उभे.

"आई म्हणली आसती, आला का परत गाडीत," ते हसून म्हणाले. हसू ओठांच्या कडेलाच थांबलं.

मग त्यांनी घराची किल्ली माझ्या हातात दिली आणि मला आत कोपऱ्यात घेऊन गेले. "कुंडीला हप्त्यातून एकदा वाटीभर. बास. त्यावर थेंब न्हाई. बाकी पाणी रांजणात. दोनी रांजण भरलेले पायजेत. रांजणाला घाम आला की ह्याचं भागतं. मुळाला नका पाजू भाऊ, हवेला पाजा."

"काळजी करू नका."

"मी शिमग्याच्या मागंपुढं येतो. हे हाय तवर माझं घर हितं हाय." त्यांनी एक पान चिमटीत धरलं, चोळलं मात्र नाही. सोडून दिलं.

सुरुवातीला मी सांगितल्याप्रमाणे वागलो. रोज सकाळी त्यांच्या घरात जायचं, फडकं फिरवायचं, रांजण बघायचे. पण टँकर एक दिवसाआड झाला, मग लांबला. टँकरमागे बाया घागरी घेऊन पळत. आणि इथे बंद घरात दोन रांजण काठोकाठ भरून नुसते पाझरत उभे. माणसाच्या घशात न जाता पाणी हवेत उडून चाललेलं. मला ते बघवेना. आमची मंडळी एक दिवस दारात उभी राहून म्हणाली, "अहो, सून बाळंत होऊन आलीय घरी. हे पाणी का भिंतीला पाजताय?"

मी एक रांजण आमच्या घरात रिकामा केला. नंतर दुसरा. गोट्यांची परात कोरडी पडली. गोणपाट वाळून कडक झालं. यातलं काही मला आजही पाप वाटत नाही. बाळंतिणीला पाणी लागतं. माझं चुकलं ते यानंतर.

झाडाची पानं कडेने तपकिरी व्हायला लागली. मला वाटलं, तहान. आमच्या भागात वाढलेल्या माणसाला दुसरं काय वाटणार? मान टाकलेलं काहीही दिसलं, पीक असो, बैल असो, माणूस असो, आम्ही पाणीच आणतो. रांजण रिकामे केल्याची बोच होतीच. म्हणून मी माझ्या आंघोळीतून तांब्याभर पाणी वाचवून रोज कुंडीत ओतायला लागलो. थेंब नको म्हणून सांगितलं होतं. ते मला आठवत होतं. पण रोज सकाळी ओतताना मला बरं वाटायचं. या दुष्काळात मी बिनआंघोळीचा राहून शेजाऱ्याचं झाड जगवतो आहे, असं वाटायचं. पानं पिवळी पडली. मी दोन तांबे ओतले. देठ मऊ झाले, वाकले, बुडातून सुटून हातात आले. तेव्हाही मी पाणीच ओतत होतो.

मास्तरांचा फोन यायचा. कॉलनीच्या दुकानातून मला बोलावणं यायचं.

"कसं हाय?"

"चांगलं आहे."

"फूल?"

"कळी आहे."

तिकडून त्या हवेतला आवाज यायचा, मागे कारखान्याची घरघर. "आपल्याकडं हवा लई कोरडी आसंल आता."

"रांजण भरलेले आहेत, मास्तर."

असं मी तीनचारदा बोललो. एकदा खोटं बोललं की पुढचं खोटं आपोआप तोंडात येतं, तुम्हाला काही करावं लागत नाही.

शिमग्यानंतर ते आले. एकटेच. एस.टी.तून उतरून थेट माझ्या दारात. मी त्यांना दारातच सांगितलं, "मास्तर, गेलं हो झाड. पाणीच नव्हतं. माणसांना मिळेना." कॉलनीतले दोघेचौघे जमले होते. त्यांनीही माना हलवल्या. खरंच तर होतं, पाणी नव्हतंच.

मास्तर आत गेले. मी मागोमाग. रांजण कोरडे होते. त्यांनी एका रांजणाच्या पोटावर तळहात ठेवला आणि थोडा वेळ तसाच राहू दिला. मग खाली बसले, कुंडी आडवी केली आणि उरलेला बुंधा ओढला. तो लगेच आला. मुळं काळी, लिबलिबीत. खाली शेंड्यांतून अजून पाणी निथळत होतं. मी ते आधी उपसून ठेवायला हवं होतं. सुचलं नव्हतं.

त्यांनी एक मूळ अंगठ्यात आणि बोटात धरलं आणि चोळलं. डोळे बारीक, मान तिरपी. मुळाची साल सुटून आली. बोटं नाकाशी नेली. त्या कुबट वासाने घर भरलं होतं, मलाही येत होता.

"पाणी कमी पडलं म्हणता?" त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं.

आता तुम्ही म्हणाल, तिथे बोलायला हवं होतं. दोघेच होतो. मी म्हणालो, "हो. कमी पडलं."

"बरं," ते म्हणाले.

बोटं पुसायला त्यांनी इकडेतिकडे बघितलं. धुवायला पाणी नव्हतं. खिडकीवरच्या वाळक्या गोणपाटाला पुसली. बाहेर आले आणि जमलेल्या लोकांना स्वतःच म्हणाले, "भाऊंचा काय दोस? पाऊसच न्हाई, तर झाडाचं काय घेऊन बसलात." ती गोष्ट तिथून सुरू झाली. सांगणारे ते पहिले. माझ्यासाठी त्यांनी ती सांगितली, आणि मी ती घेतली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी क्वार्टरची किल्ली ऑफिसात जमा केली.

नंतर एकदा बरा पाऊस झाला. धरणात पाणी आलं, ऊस उभा राहिला, कारखान्याचा बॉयलर पेटला. पॅनवर नवा माणूस होता, त्याच्याकडून दाणा धरेना. साखर पिठासारखी पडू लागली. चेअरमन मला म्हणाले, "मास्तरला घेऊन या. तुमचा शब्द मोडायचे न्हाईत ते." सगळ्यांना असंच वाटत होतं.

मी कृष्णाकाठी गेलो. तिकडची हवा तुम्ही अनुभवली असेल. सकाळी दोरीवरचे कपडे वाळत नाहीत. मजुरांच्या पत्र्याच्या चाळीच्या भिंतींनाही शेवाळ. त्याच चाळीत मास्तरांच्या खोलीशेजारच्या दारात तेलाच्या जुन्या डब्यात एक ॲन्थुरियम लावलेलं होतं. कोणाचं लक्ष नसावं. डब्याला गंज, पानांवर कोंबडीची घाण, आणि वर चार लाल फुलं.

मास्तर पाळीवरून यायचे होते. वहिनींनी पोतं अंथरून बसवलं. थकल्या होत्या. खोलीत स्टो, ट्रंक, दोन ताटं, पाण्याचा एक प्लास्टिकचा कॅन. माठही नाही. मी न राहवून म्हणालो, "वहिनी, इथे तर झाडं नुसती टाकली तरी येतात."

"येत्यात की, भाऊजी." त्या स्टोला पंप मारत होत्या. "मी म्हणलं, येकादी कुंडी ठिवू, निदान तुळस लावू. तर म्हणले, नगं. निघताना कुणाला सांगायचं सांभाळा म्हणून?"

स्टो पेटला. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. त्यांना माहीत होतं की नव्हतं, ते मला आजवर कळलेलं नाही.

मास्तर आले. खरंच आनंदले. सगळ्या कॉलनीची चौकशी केली, चिमणीवरच्या घारीचीसुद्धा. मी चेअरमनांचा निरोप सांगितला. त्यांनी चिमटी चोळली नाही. हात मांडीवर नुसता पडून होता.

"आता तिकडं काय हाय माजं, भाऊ?"

"मास्तर," मी म्हणालो, "ते झाड..."

"चा घ्या," ते म्हणाले. "गार व्हतोय."

मी चहा प्यालो. मी ते पुढचं वाक्य बशीत ओतून प्यालो, असंच म्हणायला हवं. काही वर्षांनी त्या चाळीतच ते गेल्याचं कळलं. वहिनी भावाकडे पालीला गेल्या म्हणतात. मी गेलो नाही.

त्या दिवशी निघताना मी दारात वळून बघितलं होतं. मास्तर हात वर करून उभे होते. त्यांच्या मागे भिंतीला टेकून दोन वळकट्या होत्या, दिवसा गुंडाळून ठेवलेल्या. हंगाम संपायला अजून अवकाश होता. तरी दोन्हींना दोरी बांधलेली होती, गाठ मारून, गाडीत टाकायला तयार.